घर जळाले, खाते जळत नाही
वणव्यात घर गमावलेल्या कुटुंबाला पैशांच्या बाबतीत मदत कशी करावी

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. कुमाऊँ आणि गढवालच्या उतारांवर चीड पाइनची जंगले आहेत. या झाडांच्या सुईसारख्या वाळक्या पानांना तिकडे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात पिरूलचा जाड थर जमिनीवर साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल परिसरातील आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमतालमधून पाणी उचलून न्यावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना आगीत जीव गमवावा लागला.

बहुतेक वणवे जंगलातच राहतात. पण गावाच्या कडेला गवताच्या गंजी, गोठा आणि लाकडी छप्पर जवळजवळ असले, की आग घरापर्यंत पोहोचते. मग शेजारी धावतात. कपडे, धान्य, भांडी जमा होतात. या मदतीचे मोल मोठेच आहे, पण ती पहिल्या आठवड्याची मदत आहे.

बँकेच्या बाजूने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. कुटुंबाची बचत खात्यात शाबूत असते. सरकारी मदतीचा हक्क शाबूत असतो. कधी कधी विमाही असतो. फक्त हे सगळे आपले आहे असे दाखवणारा एकही कागद हातात उरलेला नसतो. त्या गोंधळात कुटुंब सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलते, दुभते जनावर मिळेल त्या भावाला विकते किंवा हक्काच्या मदतीचा अर्जच करत नाही. म्हणून अशा कुटुंबाला करता येण्यासारखी सर्वांत उपयोगी मदत म्हणजे त्यांचे स्वतःचे आणि हक्काचे पैसे वेळेत मिळवून देणे. त्यासाठी श्रीमंत असण्याची गरज नाही. एक वही, एक पेन आणि त्यांच्यासोबत चार कार्यालयांत जाण्याची तयारी पुरते.

काय जळते आणि काय जळत नाही

पासबुक, मुदत ठेवीची पावती, एटीएम कार्ड, विमा पॉलिसीचा कागद, पोस्टाचे बचत पासबुक हे सर्व पुरावे आहेत. ते जळाले तरी पैसे जळत नाहीत, कारण खरी नोंद बँकेच्या, पोस्टाच्या किंवा विमा कंपनीच्या दप्तरी असते. अर्ज केल्यावर दुसरे पासबुक किंवा ठेवीची दुय्यम पावती मिळते. काही ठिकाणी त्यासाठी हमीपत्र लिहून द्यावे लागते. खाते क्रमांक आठवत नसेल तरी घाबरू नये. नाव, मोबाइल क्रमांक किंवा आधार यांवरून शाखेला खाते शोधता येते.

खरोखर जळते ती घरात ठेवलेली रोख रक्कम. तरीही जळालेल्या नोटा फेकून देऊ नका. कडा करपलेल्या किंवा फाटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळू शकतात. ५० रुपये आणि त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, आणि त्याहून कमी असेल तर काहीच मिळत नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण किंमत मिळते. मात्र हात लावताच चुरा होणाऱ्या, कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा शाखा स्वीकारत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या नोट बदलणाऱ्या कार्यालयात द्याव्या लागतात. अशा नोटा सुट्या करण्याचा प्रयत्न न करता, आहेत तशा एखाद्या डब्यात ठेवाव्यात.

दागिन्यांचेही तसेच आहे. सोने वितळले तरी सोनेच राहते. राख चाळून पाहावी, पण पंचनामा आणि विम्याची पाहणी झाल्यानंतरच.

पहिले काही दिवस: फोन, ओळख, खाते

येथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीला आधीची पायरी लागते.

१. सिम कार्ड. आधारपासून बँकेपर्यंत सगळीकडे ओटीपी मोबाइलवर येतो. म्हणून फोन जळाला असेल तर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम आधी घ्यावे. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएसची सेवा बंद असते, हे गृहीत धरून बाकीची कामे लावावीत.

२. पोलिसांत नोंद. आगीत कोणकोणते कागद नष्ट झाले याची यादी करून पोलिस ठाण्यात नोंद करावी आणि तिची प्रत घ्यावी. दुय्यम कागद काढताना ही प्रत बऱ्याच ठिकाणी मागतात.

३. आधार. क्रमांक आठवत असेल किंवा मोबाइल जोडलेला असेल तर ई-आधार पुन्हा उतरवता येते. क्रमांकच आठवत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन तो शोधता येतो. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९४७ आहे. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्यांनी दिलेले कागद कायद्याने मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत.

४. बँक. जळालेले किंवा हरवलेले कार्ड बंद करावे, धनादेश पुस्तिका गेली असेल तर तसे लेखी कळवावे आणि दुसऱ्या पासबुकासाठी अर्ज द्यावा. तातडीने थोडी रक्कम हवी असेल तर आधार जोडलेल्या खात्यातून बँक मित्राकडे अंगठा लावून ती काढता येते.

घरातील एखाद्या व्यक्तीचे खातेच नसेल आणि ओळखीचा एकही कागद उरला नसेल, तरी वाट बंद होत नाही. बँक अधिकाऱ्यासमोर फोटो देऊन आणि सही किंवा अंगठा करून छोटे खाते उघडता येते. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, वर्षभरात एक लाखापर्यंत जमा करता येते आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. सरकारी मदत जमा होताना शिल्लकेची मर्यादा आड येत नाही. हे खाते सुरुवातीला १२ महिने चालते. त्या काळात ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने मिळतात.

आणखी एक गोष्ट तपासावी. सरकारी मदत आधारच्या आधारे थेट जमा होत असेल, तर ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. ते खाते दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झाले असेल तर ते आधी सुरू करून घ्यावे.

पंचनाम्यातील एका शब्दाची किंमत

महसूल विभागाचा माणूस येऊन नुकसानीची नोंद करतो. त्याला कुठे तलाठी म्हणतात, कुठे पटवारी, कुठे लेखपाल. त्या नोंदीवर पुढची सर्व सरकारी मदत ठरते, म्हणून येथे घाई करू नये.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या आपत्तींसाठी मदत देता येते त्यांत आगीचा समावेश आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्र सरकारने ठरवलेले मुख्य दर असे होते:

• पूर्ण नष्ट किंवा गंभीर नुकसान झालेले घर, पक्के असो वा कच्चे: सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,००० रुपये
• अंशतः नुकसान, किमान १५ टक्के: पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये
• झोपडी: ८,००० रुपये
• घराला लागून असलेला गोठा: ३,००० रुपये
• घर नष्ट झालेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडी व घरसामानासाठी २,५०० रुपये
• मृत गाय किंवा म्हैस: ३७,५०० रुपये, शेळी किंवा मेंढी: ४,००० रुपये. किती जनावरांसाठी मदत मिळेल याला मर्यादा आहे.
• मृत व्यक्तीच्या वारसांना: ४,००,००० रुपये

राज्य सरकारे यात भर घालू शकतात आणि दर वेळोवेळी बदलतात. त्यामुळे चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

आता एक उदाहरण घेऊ. डोंगरातील एका गावात सासू, मुलगा, सून आणि दोन मुले असे कुटुंब आहे. दगडमातीच्या भिंतींचे, लाकडी छपराचे कच्चे घर, लागून गोठा, एक म्हैस आणि दोन शेळ्या. वणव्यात छप्पर कोसळले, भिंती तडकल्या आणि जनावरे दगावली.

घर पूर्ण नष्ट अशी नोंद झाली तर हिशेब असा होतो: घर १,३०,०००, कपडे आणि घरसामान ५,०००, गोठा ३,०००, म्हैस ३७,५००, शेळ्या ८,०००. एकूण १,८३,५०० रुपये.

भिंती उभ्या दिसतात म्हणून ‘अंशतः नुकसान’ अशी नोंद झाली, तर घरापोटी १,३०,००० रुपयांऐवजी ४,००० रुपये मिळतील. ‘झोपडी’ लिहिले गेले तर ८,०००. आग तीच, घरही तेच, पण एका शब्दाने सव्वा लाख रुपयांचा फरक पडतो.

म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरातील जाणते माणूस आणि एखादा लिहितावाचता शेजारी हजर असावा. भिंती पुन्हा वापरण्याजोग्या नाहीत हे दाखवावे. चारी बाजूंचे आणि आतले फोटो काढावेत. मेलेल्या जनावरांचा पंचनामा पुरण्याआधी पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याकडून करून घ्यावा. नोंद वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये आणि प्रत मागून घ्यावी. नोंद चुकीची वाटली तर तहसीलदारांकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले कुठेच राहत नाही. घर अधिकृत असल्याचा दाखलाही लागतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील घराची नोंद येथे उपयोगी पडते.

डोक्यावर कर्ज असेल तर

घर जळाले म्हणून कर्ज माफ होत नाही, पण हप्त्याची तारीख उलटण्याआधी शाखेत गेले तर वाट निघू शकते. सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागातील कर्जदारांना हप्ते पुढे ढकलण्याची किंवा कर्जाची नव्याने मांडणी करण्याची सवलत देण्याविषयी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ती आपोआप मिळेल असे धरू नये. पंचनाम्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हप्ते थकल्यानंतर गेलात तर पर्याय कमी होतात.

घरासाठी कर्ज घेतलेले असेल तर त्यासोबत घराचा विमा उतरवला होता का, हे बँकेला आवर्जून विचारा. हप्त्यासोबत विम्याचे पैसे कापले जातात हे अनेकांच्या लक्षातच नसते.

हातात मुदत ठेव असेल तर ती लगेच मोडू नका. ठेवीवर कर्ज मिळते, साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो. सरकारी मदत आल्यावर ते फेडून ठेव तशीच पुढे चालू ठेवता येते. जनधन खातेदाराला पात्रतेनुसार १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. सावकाराच्या दारात जाण्याआधी हे दोन प्रश्न शाखेत विचारा.

कुटुंबातील कोणी दगावले असेल, तर त्या व्यक्तीच्या पासबुकातील जुन्या नोंदी काढून पाहा. वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपये कापले गेले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना लागू असू शकते. अपघाती मृत्यूसाठी पहिलीतून दोन लाख आणि कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी दुसरीतून दोन लाख रुपये मिळतात. दोन्ही असतील तर दोन्हींचे दावे करता येतात.

घराच्या विम्यात वणवा येतो का?

येतो. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून घराच्या आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात साध्या आगीबरोबरच जंगलातील आगीचा स्पष्ट उल्लेख आहे. घराचा विमा घेतला की घरसामानालाही आपोआप संरक्षण मिळते, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत.

विमा रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नसते. जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधायला आज जो खर्च येईल तेवढीच रक्कम धरावी. ती थोडी कमी पडली तरी या पॉलिसीत एक दिलासा आहे. समजा, घर बांधायला १० लाख लागतील आणि विमा ५ लाखांचाच आहे. नुकसान २ लाखांचे झाले. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत विमा निम्माच म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे १ लाख मिळत असे. भारत गृह रक्षात अशी कपात होत नाही. ५ लाखांच्या मर्यादेत २ लाखांचे नुकसान पूर्ण धरले जाते.

दावा करताना कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मलबा हलवू नये. घर कच्चे असेल किंवा भिंती-छपरात लाकूड-गवत जास्त असेल, तर पॉलिसी घेण्याआधीच तसे सांगून कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. वरच्या उदाहरणातील १,३०,००० रुपयांत आज घर उभे राहणे कठीण आहे. उरलेली दरी भरून काढण्यासाठीच विमा असतो.

तुम्ही पैसे देणार असाल तर

• शक्यतो रक्कम थेट कुटुंबाच्या खात्यात जमा करा. यूपीआयने पाठवताना पडद्यावर येणारे नाव वाचा. आपत्तीनंतर त्याच कुटुंबाच्या फोटोखाली दुसऱ्याच कोणाचा क्यूआर कोड फिरू लागतो. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

• कुटुंबाचे आधार किंवा पासबुकाचे फोटो मोबाइलच्या गटांत टाकू नका. द्यावेच लागले तर शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार द्या.

• गावाने वर्गणी काढली असेल तर कोणी किती दिले आणि किती पोहोचले हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. हिशेब स्पष्ट असला की पुढे वाद होत नाहीत.

• सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात देण्याची गरज नाही. त्या वेळी दहा हात पुढे येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात भिंती अर्ध्यावर असतात, सरकारी हप्त्याची वाट पाहणे चालू असते, मुलांची शाळा सुरू झालेली असते आणि तेव्हा विचारणारे कोणी नसते. ३,००० रुपये द्यायचे असतील तर बँकेला स्थायी सूचना देऊन सहा महिने दरमहा ५०० रुपये पाठवा. कुटुंबाला पुढच्या महिन्याचा भरवसा मिळतो.

• मदत घेणाऱ्याचा मान राखा. पैसे कशावर खर्च करायचे हे त्यांना ठरवू द्या. भांडी हवीत की म्हशीचा चारा, हे त्या घरातील सासू-सुनेला आपल्यापेक्षा चांगले कळते.

बँकेने तक्रारीची दखल ३० दिवसांत घेतली नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आजच अर्ध्या तासात करण्यासारखे

वणवा डोंगरात लागतो, पण आग शहरातील चाळीतही लागते. पुढील कामे प्रत्येक खातेदाराने आजच करून ठेवावीत.

१. आधार, पॅन आणि इतर सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये आणा.
२. प्रत्येक खात्याला आणि ठेवीला वारसाचे नामनिर्देशन झाले आहे का, ते शाखेत तपासा.
३. बँक, पोस्ट आणि विमा यांचे क्रमांक एका कागदावर लिहून दुसऱ्या गावातील विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा. त्यावर पिन किंवा पासवर्ड लिहू नका.
४. घराचे, सामानाचे आणि जनावरांचे फोटो काढून त्याच नातेवाइकाला पाठवा. पंचनामा आणि विमा, दोन्हीकडे ते कामी येतात.
५. महिनाभराच्या खर्चापेक्षा जास्त रोख घरात ठेवू नका.
६. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर हे माहीत असू द्या: बँकेत आग लागून नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. लॉकरमध्ये रोख ठेवायला परवानगी नाही.
७. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या दप्तरात घराची नोंद कोणाच्या नावावर आहे, ते पाहून घ्या. आजोबांच्या नावावर राहिलेले घर जळाले, तर मदतीआधी वारसाचा प्रश्न उभा राहतो आणि त्यात महिने जातात.